सपाट चमचा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपून डोंगराची चढण लागते तिथं एक आरोग्य उपकेंद्र होतं, आणि त्या उपकेंद्रात मीना सिस्टरच्या मापाच्या वेडाची बरीच थट्टा चालायची. चहात साखर घालायची तरी बाई चमचा भरून घ्यायची, वरचा उंचवटा सुरीच्या पाठीनं काढून टाकायची आणि मगच साखर पातेल्यात सोडायची. तिचा नवरा महाडच्या शाळेत गणित शिकवायचा, पण घरात अचूकपणाचा मान बायकोचा, हे त्यानं लग्नानंतर वर्षभरातच कबूल करून टाकलं होतं. मीनाला या थट्टेचं वाईट वाटत नसे. अठरा वर्षं नोकरी झाली होती. चुकलेल्या मापानं काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपल्या हातून तसं कधी झालेलं नाही याचं तिला मनातून बरं वाटायचं. एकंदरीत सुखी बाई होती, कामावर जाताना गुणगुणत जाणारी.

सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात महाडच्या दवाखान्यातून तिच्याकडे एक चिठ्ठी आली. उंबरदांडच्या धनगरवाडीत दोन महिन्यांची मुलगी आहे, आई बाळंतपणात गेली, मुलगी पावडरच्या दुधावर आहे, दर आठवड्याला वजन घ्यावं, एवढाच मजकूर. उंबरदांड म्हणजे डोंगरमाथ्यावरची नऊ घरं. पायवाट दीड तासाची, त्यातली शेवटची अर्धी पायांचा अंत पाहणारी. मीनानं पिशवीत लटकता काटा घातला, बाळाला ठेवायची कापडी झोळी घातली, मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा ग्लास घातला आणि गुरुवारी सकाळी चढायला लागली. पाऊस नुकता उघडला होता. कारवीच्या पानांवरून पाणी निथळत होतं आणि वर पोचल्यावर खाली लांब सावित्रीचा एक तुकडा उन्हात चमकताना दिसला. सावित्री नदीच्या काठचं तुडील तिचं माहेर. सावित्री कुठूनही दिसली की मीना दोन मिनिटं टेकायचीच.

घर भागोजी आणि त्याची बायको साळूबाई यांचं. अर्ध्या घरात माणसं आणि अर्ध्या घरात दोन म्हशी, मागं शेळ्यांचा वाडा. मुलगा किशोर मुंबईत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता. त्याची बायको मैना भाद्रपदाच्या आधी बाळंत झाली आणि डोलीतून खाली आणेपर्यंत वाटेतच गेली. पोर मात्र जगली, दिवस पुरे नसताना आलेली, मूठभर. तिचं दिशा हे नाव किशोरनं मुंबईहून ठरवून आणलं होतं. साळूबाईला ते नाव जिभेवर यायला पंधरा दिवस लागले, मग मात्र ती ते येताजाता घ्यायला लागली.

दारात दुभती जनावरं असताना डब्याचं दूध कशाला, असं कुणालाही वाटेल. साळूबाईलाही वाटलं होतं. तिनं आधी शेळीचं दूध पाजलं. पोराला जुलाब लागले, महाडच्या दवाखान्यात आठ दिवस सलाइनवर ठेवावं लागलं, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की ही सहा महिन्यांची होईस्तोवर पावडरशिवाय दुसरं काही द्यायचं नाही. तेव्हापासून भागोजी खांद्यावर घोंगडी टाकून आठवड्याला पोलादपूरला उतरायचा आणि औषधाच्या दुकानातून डबा घेऊन वर यायचा.

मीनानं दिशाला हातात घेतलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ सुकलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर बसायला वेळ लावत होती. पोर रडत होती ती भुकेनं नव्हे, तहानेनं. झोळी वाशाला टांगून वजन केलं, तीन किलो शंभर ग्रॅम. वजन ठीक, मग पोर सुकलेली का? मीना म्हणाली, दूध कसं करता ते मला एकदा करून दाखवा.

साळूबाईनं उकळून गार केलेलं पाणी घेतलं. पाणी अगदी बरोबर, झाकलेलं, स्वच्छ. मग डबा उघडला, आतला चमचा पावडरीत खुपसला, दाबून भरला आणि वर आणला तेव्हा चमच्यावर पावडरीचा टोकदार डोंगर उभा होता. खळ्यावर भात मोजताना पायलीवर रचतात तशी शीग. हलक्या हातानं तिनं तो डोंगर एक कणही न सांडता पाण्यात सोडला. एका चमच्यात जवळजवळ दोन चमचे.

मीनाला हसू आलं आणि जीवही भांड्यात पडला, कारण दुखणं सापडलं होतं.

"आजी, एवढं नाही. चमचा सपाट पाहिजे. वर काही राहता कामा नये."

साळूबाईचा हात थांबला. "सपाट? लेकराला?"

मीनानं तिला सगळं समजावलं. बाळाची मूत्रपिंडं बोराएवढी असतात, घट्ट दूध निस्तरता निस्तरता ती थकतात, अंगातलं पाणी संपतं, असंच चाललं तर पोर हातची जाईल. पातळ केलं तर उपाशी मरेल, घट्ट केलं तर तहानेनं. तीस मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, या वयाला तीन चमचे आणि नव्वद मिलिलिटर, दिवसातून सहा वेळा. साळूबाई ऐकत होती, पण बघत होती नवऱ्याकडे. उंबऱ्यावर बसलेला भागोजी उठला आणि शेळ्यांकडे निघून गेला. शेळ्यांचं त्या वेळी त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

"आमी जित्या माणसाला शीग काढून माप देत नाय, बाय," साळूबाई हळूच म्हणाली. "पन तुमी शिकल्यासवरल्या. तुमी सांगताय म्हंजे पोरीच्या भल्याचंच असल."

तिनं चमचा पुन्हा भरला. मीना चुलीजवळची सुरी पुढं करणार तोच साळूबाईनं तळव्याच्या कडेनं, स्वतःपासून लांब, एकाच फटक्यात वरची पावडर काढून टाकली. ओठ काहीतरी पुटपुटले. चमचा इतका सपाट झाला होता की मीनालाही सुरीनं तसा जमला नसता. ही हात बसलेली हालचाल आहे, एवढं तिच्या ध्यानात आलं. तिनं आजीची तोंडभर स्तुती केली, खुणांचा ग्लास तिच्याकडे ठेवायला दिला आणि नाचणीची भाकरी, दही खाऊन उतरली. उतरताना गुणगुणत होती.

पुढच्या गुरुवारी दिशा ओळखू येऊ नये इतकी बदलली होती. ओठ ओले, कातडी तुकतुकीत, रडणं बंद. घरात सगळी खूश. साळूबाईचाही चेहरा उजळलेला होता, आधीपेक्षा दहा वर्षांनी लहान वाटत होती. मीनानं मजेत झोळी टांगली आणि काटा पाहिला. तीन किलो एकशेचाळीस. आठवड्यात चाळीस ग्रॅम. एवढ्या पोराला दीडदोनशे तरी वाढायला हवं होतं.

पहिला आठवडा, आतडी सावरतायत, असं तिनं स्वतःला सांगितलं. समोर दूध करायला लावलं. पाणी नव्वदच्या खुणेला, तीन सपाट चमचे, ढवळणं, सगळं नमुनेदार. ग्लास पाटावर ठेवून साळूबाई वाटी-चमचा धुवायला गेली. मीना दिशाचे डोळे तपासत होती. साळूबाई येऊन दूध वाटीत ओतायला लागली तेव्हा मीनाची नजर सहज ग्लासकडे गेली. दूध साठच्या खुणेला होतं.

फेस बसला असेल. पण फेस तीस मिलिलिटर नसतो. आपणच आधी चुकीचं वाचलं असेल, असं म्हणून मीनानं ते सोडून दिलं, आणि ज्या बाईनं अठरा वर्षांत एक खूण चुकीची वाचली नव्हती तिला हे स्वतःशी म्हणताना जड गेलं. दिशानं सगळं दूध संपवलं, वाटीच्या कडेकडे बघत तोंड उघडमीट केलं. तिला अजून हवं होतं.

तिसऱ्या गुरुवारी वजन तीन किलो नव्वद. म्हणजे घटलं होतं.

त्या दिवशी मीना डोंगर चढताना गुणगुणली नव्हती. तिनं वाटेत सगळ्या शक्यता मनाशी मांडल्या होत्या. म्हातारी दूध पीत असेल, पण साळूबाई पोराच्या तोंडचं घेणारी बाई नव्हे. भागोजी? तो चहासुद्धा बिनदुधाचा प्यायचा. मांजर असेल, ग्लासला चीर असेल. तिनं भागोजीला बाहेर बसवलं, मांजराला हाकललं, साळूबाईला पोर मांडीवर घेऊन समोर बसवलं आणि सगळं स्वतःच्या हातानं केलं. सुरी तिनं पिशवीतून आणली होती. तीन चमचे, सुरीच्या पाठीनं सपाट. ग्लास पाटावर ठेवला आणि त्याच्याकडे तोंड करून मांडी घातली. टळटळीत दुपार होती. दारातून उजेड थेट पाटावर पडला होता आणि गोठ्यात एक म्हैस संथ रवंथ करत होती.

दूध नव्वदवर होतं.

थोड्या वेळानं ते पंचाऐंशीवर होतं.

मीना हलली नाही. दूध उतरत होतं, पण चिरेतून गळतं तसं सारखं नाही. थोडं उतरायचं, थांबायचं. पुन्हा थोडं उतरायचं, पुन्हा थांबायचं. एकदा बराच वेळ थांबलं, जणू दम घेतला, आणि मग पुन्हा सुरू झालं. तिनं हजारो पोरं पिताना पाहिली होती. ती चाल तिच्या ओळखीची होती. साठच्या खुणेला दूध टेकलं आणि तिथंच राहिलं. पाटावर थेंब नव्हता.

तिच्या पाठीवरून घाम उतरला. तरी मापाचं वेड सुटलं नव्हतं. तिनं ग्लास धुतला, साधं पाणी भरून ठेवलं आणि पाच मिनिटं पाहिलं. पाणी तसंच. मग शीग लावून दूध केलं आणि ठेवलं. तेही तसंच, कणभर हललं नाही. ते बाजूला ठेवून पुन्हा सपाट चमच्यानं केलं. ते उतरायला लागलं.

साळूबाई हे सारं शांतपणे बघत होती, शाळेतल्या पोराला पाढा कधी सापडतो याची वाट बघावी तशी.

"आजी," मीना म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "हे काय आहे?"

साळूबाईनं सांगितलं. खळ्यावर भात मोजून झाला की शेवटचं एक माप पितरांचं काढतात. घरच्यांची सगळी मापं शिगेची, पितरांचं तेवढं सपाट, तळव्याच्या कडेनं पुसलेलं. सपाट माप दिसलं की ज्याचं असेल तो येऊन आपला वाटा घेतो. वाडीत कुणी ते बोलून दाखवत नाही, पण सपाट मापानं घरात कुणी कुणाला वाढतही नाही. तिच्या सासूनं तिला लग्नानंतर पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट हीच.

"मैना?" मीनानं विचारलं. दिशाची आईच येत असेल, असं तिला वाटलं.

"मैना नव्हं, बाय. मोटं मानूस एवड्याशा दुदाला कशाला येल? ह्ये ल्हान तोंड हाय." साळूबाईनं दिशाच्या टाळूवरून हात फिरवला. "माजी पयली. तिचं बारसं बी नवतं झालं. मला ताप भरला न् दूद आटलं. म्हशी भाकड व्हत्या. तांदळाची पेज पाजली, पातळ. तीन आटवडे काडले तिनं."

हे सांगताना ती रडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर तेच गेल्या गुरुवारचं तेज होतं, आणि मीनाला आता कळलं की ते कशाचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी उपाशी गेलेलं पोर दिवसातून सहा वेळा साळूबाईच्या हातचं दूध पीत होतं. त्या आईला सुख झालं होतं. तिचं सुख मीनाला समजलं, पोटातून समजलं, कारण तिलाही दोन मुलं होती. पण समोर मांडीवर दिशा होती, तीन किलो नव्वद, आणि तिच्या वाट्याचं दूध जात होतं.

शीग लावावी तर दिशा तहानेनं जाणार. सपाट करावं तर उपाशी. मीनानं पिशवीतून कागद-पेन काढलं, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. तीनातून एक जातो. प्रत्येक वेळी एकच, कमी नाही, जास्त नाही. मग चार करायचे. एकशेवीस मिलिलिटर पाणी, चार सपाट चमचे, आणि दिशाला पाजायच्या आधी तीस मिलिलिटर वेगळ्या वाटीत काढून बाजूला ठेवायचे.

"आपलं मिळालं म्हणजे ती दुसऱ्याच्याला हात लावणार नाही ना?" तिनं विचारलं. अठरा वर्षं नोकरी केलेली बाई असं विचारत होती.

"कशाला लावल? गुणाची व्हती गो ती," साळूबाई म्हणाली.

लगेच करून पाहिलं. वाटी चुलीपासून लांब, भाताच्या कणगीच्या आडोशाला ठेवली. ग्लासातलं दूध नव्वदच्या खुणेवर स्थिर राहिलं, आणि दिशानं शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन पहिल्यांदाच तोंड फिरवलं. पोट भरलेलं पोर जसं झोपतं तशी ती झोपली. मीनानं कणगीच्या आडची वाटी उचलली. कोरडी होती. तिनं ती उकळत्या पाण्यात टाकायला सांगितली, कारण वाटी कुणाचीही असो, निर्जंतुक असायला हवी.

पुढच्या गुरुवारी दिशा दोनशे वीस ग्रॅमनं वाढली होती.

माणसाला कशाचीही सवय होते आणि चांगल्या गोष्टीची तर फार लवकर होते. दिवाळी झाली, थंडी पडली, उंबरदांडचं गवत पिवळं झालं आणि मीनाच्या आठवड्यातला गुरुवार हा सगळ्यात आवडीचा दिवस झाला. दिशाचे चमचे तिच्या वजनाबरोबर वाढत गेले. तिनाचे चार, चाराचे पाच. कणगीच्या आडची वाटी मात्र एका चमच्याची, तीस मिलिलिटरची, पहिल्या दिवशी ठरली तीच. डबा लवकर का संपतो असं महाडच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीनानं, थोडं सांडतं, असं सांगितलं आणि अठरा वर्षांतलं हे पहिलंच खोटं तिला फार टोचलं नाही. डॉक्टरांनी वजनाच्या कार्डावरची चढती रेघ पाहून तिचं कौतुक केलं. ते कौतुक तिनं खुशाल घेतलं.

घरातही आनंद होता. भागोजी, जो कधी चार शब्द बोलायचा नाही, तो आता मीनाला वाटेत अर्ध्यावर घ्यायला यायचा आणि पिशवी खांद्यावर टाकायचा. साळूबाईनं तिच्यासाठी एक दह्याचं गाडगं कायमचं राखून ठेवलं होतं. दिशा हसायला लागली, मग पालथी पडायला शिकली. ती कणगीकडे बघून जास्त हसायची. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि मीनानं दिलं तरी तिला त्यात भिण्यासारखं काही सापडलं नाही. दोन पोरं एका घरात असली की एकमेकांकडे बघून हसतातच.

शिमग्याला किशोर मुंबईहून आला. आल्या आल्या त्यानं लेकीला उचलून घेतलं. त्यानं तिच्यासाठी खुळखुळा आणला होता, तिनं तो घेतला, तोंडात घातला आणि बापाच्या शर्टावर लाळ गाळली. किशोर हसता हसता रडला. मीना तेव्हा तिथंच होती आणि तिनंही डोळे पुसले. आपण या जगात एक काम नीट केलं, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि वाटलं ते खोटं नव्हतं.

शिमगा होऊन गेला आणि पुढच्या गुरुवारी मीना चढून आली ती डबा बंद करायचं ठरवूनच. दिशाला सात महिने झाले होते. तिनं झोळी वाशाला टांगली, दिशाला आत ठेवलं. सहा किलो आठशे. कार्डावरची टिंबं जोडून मीनानं रेघ ओढली तेव्हा ती वरच्या वाटेनं सरळ चढत होती. साळूबाईनं पोर उचलून घेतली आणि मीना तिला सांगायला लागली, आता डब्याची गरज नाही. नाचणीचं सत्त्व सुरू करायचं, मऊ भात, वरणाचं पाणी. हळूहळू म्हशीचं दूध, उकळून, पाणी घालून. पावडर पंधरा दिवसांत बंद.

साळूबाईनं मान डोलावली. दिशाला भागोजीच्या हातात दिलं. मग पदर सावरला आणि विचारलं, "दिशाचं बंद करू. पन तिचं कसं?"

मीनानं याचा विचार केला नव्हता.

"ती भात खायाची नाय," साळूबाई म्हणाली. "ती हाय तेवडीच हाय."

भागोजी दिशाला घेऊन अंगणात गेला. जाताना त्यानं दार लोटलं नाही, उजेड आत येऊ दिला.

मीना म्हणाली, मग तिची वाटी चालू ठेवा. डब्याचं मी बघेन.

"ठेवीन. पन बाय..." साळूबाई अडखळली. पाच महिन्यांत तिनं मीनाकडे स्वतःहून काही मागितलं नव्हतं. "तुमी दिशाचं दर आटवड्याला केलं. तिचं येकदा तरी करा की."

"काय करू?"

"वजन."

रिकामी झोळी वाशाला लोंबत होती. काटा शून्यावर होता. ते मीनानं नीट पाहून घेतलं, कारण वजन करायच्या आधी ते पाहायचंच असतं.

साळूबाई कणगीमागं गेली. वाकली. दोन्ही हात पुढं धरून, एका कोपराच्या बेचक्यात काहीतरी सांभाळत, सावकाश आली. हातांत काही नव्हतं. तिनं ते झोळीत ठेवलं आणि हळूच हात काढून घेतले.

झोळीचं कापड मधोमध ताणलं गेलं.

काटा खाली आला. तो स्थिर होईना, थोडा वर, थोडा खाली, पाय झाडणाऱ्या पोराचा होतो तसा.

"जरा शांत होऊ द्या तिला," मीना म्हणाली.

साळूबाईनं झोळीवर हात ठेवून चुचकारलं. काटा थांबला.

एक किलो नऊशे.

मीनानं दोनदा वाचलं. मग पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं, मांडीवर ठेवलं आणि नाव विचारलं. साळूबाईनं आधी झोळीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, बया लिवा. मीनानं लिहिलं. जन्मतारखेची जागा रिकामी सोडली, वजनाच्या जागी आकडा लिहिला, टिंब दिलं. ते सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडलं.

पाच महिने. पाच महिने तिनं एका पोराचं माप वजन न करता ठरवलं होतं.

"कमी आहे, आजी," ती म्हणाली. "फार कमी आहे. एक चमचा तिला पुरत नाही. आजपासून दोन करा."

"सपाट?"

"सपाट."

साळूबाईनं झोळीत हात घातले. एक हात मानेखाली गेला, एक ढुंगणाखाली, आणि तिनं तिला उचलून छातीशी घेतलं तेव्हा काटा शून्यावर आला.